ऑपरेशन झालं, पेशंट घरी आला. पुढे काय?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण घरात कुणाला स्टेंट बसलेला असेल, बायपास झाली असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात आपल्या गावातला एक माणूस गेला. नाव लिहीत नाही, घरच्यांना त्रास नको. वय पंचेचाळीसच्या आसपास. आठ महिन्यांपूर्वी त्याची अँजिओप्लास्टी झाली होती, सरकारी योजनेतून. संध्याकाळी एसटी स्टँडसमोरच्या बाकावर तो माझ्या शेजारी येऊन बसायचा. एकदा बोलता बोलता म्हणाला, "सर, त्या गोळ्या बंद केल्या मी. आता काही होत नाही मला. उगाच महिन्याला पैसे जातात."

मी "हं" म्हणालो आणि पेपर वाचायला लागलो.

मला स्वतःला नऊ वर्षांपूर्वी स्टेंट बसला आहे. त्या गोळ्या कशासाठी असतात हे मला चांगलं ठाऊक होतं. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली बारीक जाळी. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून दोन गोळ्या देतात. बहुतेकांना दोन्ही काही महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात आणि त्यातली एक पुढे चालूच राहते. आपल्या मनाने मध्येच सोडल्या तर जाळी अचानक बंद होऊ शकते. एवढं माहीत असून मी गप्प बसलो. का? तर सांगायला डॉक्टर आहेत की, आपण कोण सांगणारे!

गोळ्या सोडल्या म्हणूनच तो गेला, असं मी म्हणत नाही. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. पण ते "हं" काही माझ्या डोक्यातून जात नाही.

तीस वर्षं हायस्कूलात इतिहास शिकवला. मन लागेनासं झालं की मी आपल्या विषयाकडे वळतो. तसाच वळलो. एका हृदयरोग्याने दुसऱ्याला सांगावं, की ते फक्त डॉक्टरांचं काम? हा प्रश्न याआधी कुणाला पडला होता का, हे शोधत बसलो. तर पडला होता. सत्तर वर्षांपूर्वीच पडला होता, आणि त्याचं उत्तरही पेशंट लोकांनीच शोधलं होतं. ती हकीकत आज सांगायची आहे.

सुरुवात आमच्या आण्णांपासून करतो. वडील एसटीत ड्रायव्हर. सत्तरच्या दशकात त्यांना झटका आला, तेव्हा मी शाळेत होतो. जिल्ह्याच्या गावाहून घरी आणलं आणि माजघरातल्या खाटेवर निजवलं. सहा आठवडे पाय खाली ठेवायचा नाही. जेवण खाटेवर, दाढी खाटेवर, सगळं खाटेवर. आम्ही पोरांनी मोठ्याने हसलं तरी आई डोळे वटारायची. भेटायला येणारे दारातूनच हळू आवाजात विचारायचे, जणू माणूस आत्ताच जाणार आहे. सहा आठवडे संपले, पण आण्णा मनाने खाटेवरून उठलेच नाहीत. स्टिअरिंग पुन्हा हातात घेतलं नाही. पुढे अकरा वर्षं जगले, पण ओसरीवरून फाटकापर्यंत. त्यापलीकडे गेलो तर हृदय फाटेल, अशी भीती त्यांच्या मनात कुणीतरी घातली होती, आणि ती काढायला पुढे कुणी आलं नाही.

त्यांच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. तेव्हाची समजूतच तशी होती. हृदयाच्या स्नायूवरची जखम भरून यायला साधारण सहा आठवडे लागतात, असं १९३९ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं. त्यावरून जगभर नियमच पडला: सहा आठवडे सक्तीची विश्रांती. आता जखम भरायला सहा आठवडे लागतात हे खरं. पण म्हणून माणसाला सहा आठवडे लाकडासारखं निजवून ठेवायचं, हे त्यातून कुठे निघतं? उलट पडून राहिल्यामुळे पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, त्या सरकून फुप्फुसात जायच्या आणि झटक्यातून वाचलेला माणूस विश्रांतीने दगावायचा.

या नियमाला धक्का दिला तोही बोस्टनमध्येच. पीटर बेंट ब्रिगहॅम नावाच्या हॉस्पिटलात सॅम्युअल लेव्हाईन नावाचे नाणावलेले हृदयतज्ज्ञ होते. त्यांच्या हाताखाली बर्नार्ड लाऊन हा तरुण डॉक्टर. दोघांनी झटका आलेल्या पेशंटना पहिल्याच आठवड्यात खाटेवरून उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. आधी थोडा वेळ, मग रोज वाढवत. हाताखालच्या डॉक्टरांना वाटायचं की ही तर पेशंटच्या जिवाशी खेळ चालली आहे. पण पेशंट मरेनात. उलट हसायला-बोलायला लागले, घरी कधी सोडणार म्हणून विचारायला लागले. अशा ८१ पेशंटचा अनुभव दोघांनी १९५२ साली छापला. उपचाराचं नावच पडलं 'आरामखुर्चीचा उपचार'. या लाऊन यांनीच पुढे अण्वस्त्रांविरुद्ध डॉक्टरांची जागतिक संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि तिला १९८५ साली शांततेचं नोबेल मिळालं.

आण्णांना झटका आला तो यानंतर वीसेक वर्षांनी. म्हणजे खुर्चीचं ज्ञान जगात होतं, ते आमच्या माजघरापर्यंत पोचलं नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच हॉस्पिटलात त्याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. ड्वाइट हार्केन नावाचे सर्जन होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या अमेरिकन लष्करी रुग्णालयात त्यांनी सैनिकांच्या हृदयातून आणि हृदयाच्या आसपासून बॉम्बच्या कपच्या, गोळ्यांचे तुकडे काढले. असे १३४ तुकडे, आणि एकही सैनिक दगावला नाही. हृदयाला हात लावायचा नाही, असं तोवर मानलं जायचं. युद्धानंतर बोस्टनला येऊन त्यांनी आखडलेली झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे धरतात आणि पुढे हृदयाची झडप आखडते, तो संधिवाती तापाचा आजार. आपल्याकडेही गरीब घरांतल्या कितीतरी पोरी-बायका याने गेल्या आणि अजून जातात. तर हार्केन यांच्या या शस्त्रक्रियेच्या पहिल्या दहा पेशंटपैकी सहा दगावले. ते इतके खचले की हे काम सोडायला निघाले होते. एका सहकाऱ्याने समजूत घालून त्यांना परत आणलं.

आता त्या वेळच्या पेशंटच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आपलं हृदय कापणार आहेत. गावात, नात्यात असं ऑपरेशन झालेला एकही माणूस पाहिलेला नाही. डॉक्टर म्हणतात, बरे व्हाल. पण डॉक्टर तर म्हणणारच!

आणि इथेच पेशंट मंडळी पुढे आली. १९५१ च्या जानेवारीत हार्केन यांचे चार पेशंट एकत्र बसले. चौघांच्याही छातीवर टाके होते. त्यांनी ठरवलं की ऑपरेशनला थांबलेल्या माणसांना भेटायला आपण वॉर्डात जायचं. उपचार सांगायचे नाहीत, औषध सांगायचं नाही. फक्त जायचं, शेजारी बसायचं आणि म्हणायचं: माझंही झालंय, हे बघा, मी चालत आलोय. त्यांनी आपल्या मंडळाला नाव दिलं 'मेंडेड हार्ट्स', म्हणजे सांधलेली हृदयं. हार्केन यांनी पाठिंबा दिला. चार माणसांचं ते मंडळ आज अमेरिकाभर पसरलेलं आहे, सत्तर वर्षांहून जास्त काळ चालू आहे, आणि पद्धत अजून तीच: पेशंटने पेशंटला भेटायचं. भेटायला जाणाऱ्याला आधी शिकवतात आणि एक नियम कडक पाळायला लावतात. डॉक्टरकी करायची नाही.

इतिहासात मोठी नावं सर्जनची राहतात. आपल्याकडेही मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत. हे आपल्या अभिमानाचं आहेच, वर्गात मी आवर्जून सांगायचो. पण वॉर्डात खुर्ची ओढून शेजारी बसणाऱ्या माणसाचा धडा आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

आता आणखी एक प्रसंग. २४ सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हरला सुट्टीवर होते. आदल्या दिवशी गोल्फ खेळले, रात्री छातीत दुखायला लागलं. पत्रकारांना आधी सांगितलं गेलं की अपचन झालंय. म्हणजे आपण म्हणतो तसं, 'गॅस झालाय'! जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या बाबतीतही पहिला शब्द अपचन हाच होता. मग खरं बाहेर आलं. त्या काळी नेत्याचं आजारपण लपवायची पद्धत. पण बोस्टनचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांना बोलावलं गेलं आणि २६ तारखेला ते पत्रकारांसमोर उभे राहिले. हार्ट अटॅक म्हणजे काय, रक्तवाहिनी कशी बंद होते, स्नायूला काय होतं, पुढे काय होऊ शकतं, सगळं साध्या भाषेत त्यांनी सांगितलं. पत्रकार परिषद कसली, सगळ्या देशाची शिकवणीच ती. आणि पेशंटला फार काळ निजवून न ठेवता लवकरच खुर्चीत बसवलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. झटका आलेला माणूस देश चालवू शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. हजार पत्रकं वाटून झालं नसतं ते त्याने झालं.

याच सुमाराला, म्हणजे १९५३ मध्ये, लंडनला जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास छापला. हे वाचताना मला आण्णांची फार आठवण आली. एकच बस, एकच मार्ग, एकाच वस्तीतली माणसं. पण दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा सतत जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा. हृदयाला चालतं ठेवण्यात काहीतरी आहे, हे आकड्यांनी दाखवणारा हा पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक. आणि आमच्या आण्णांना ओसरीच्या पुढे जायची बंदी!

इथवर एकेका माणसाची गोष्ट झाली. सगळा जिल्हाच्या जिल्हा बदलू शकतो का? तेही झालेलं आहे. फिनलंडच्या पूर्वेला नॉर्थ करेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलतोड करणारी, दूधदुभत्याची, गरीब, कष्टाळू माणसं. हातापायाने धडधाकट, पण ऐन उमेदीत छातीत कळ येऊन पडायची. तिथल्या पुरुषांमधलं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण तेव्हा जगात सगळ्यात जास्तपैकी होतं. ब्रेडवर लोण्याचा थर, जेवणात भरपूर मीठ, भाजी जनावरांनी खायची अशी समजूत, आणि हातात सिगारेट. १९७१ च्या जानेवारीत तिथल्या राज्यपालांनी, खासदारांनी आणि स्थानिक पुढाऱ्यांनी मिळून सरकारला अर्ज दिला की आमची माणसं मरताहेत, काहीतरी करा. बघा, मागणी डॉक्टरांकडून नाही, प्रांतातून आली. १९७२ मध्ये काम सुरू झालं. प्रमुख होता पेक्का पुस्का नावाचा २७ वर्षांचा डॉक्टर.

त्याने काय केलं? नवं मोठं हॉस्पिटल बांधलं नाही. तिथे 'मार्था' नावाची घरोघरच्या बायकांची जुनी संघटना होती, आपल्या महिला मंडळासारखी. तिला हाताशी धरलं. गावोगाव संध्याकाळी बायका जमायच्या, तिथलंच रोजचं रस्सेदार कालवण कमी चरबीचं, कमी मिठाचं, जास्त भाज्या घातलेलं करून दाखवायच्या आणि सगळे मिळून जेवायचे. लोकांच्या आवडीचं ताट काढून घेतलं नाही, त्याच ताटात बदल केला. गावातल्या मान असलेल्या माणसांना बोलावून शिकवलं की तुम्ही आपल्या शेजाऱ्यांशी बोला. गावागावांत कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या स्पर्धा लावल्या. बीपी तपासायला परिचारिका नेमल्या. दूधवाल्यांचा धंदा बसेल म्हणून ओरड झाली, तर त्यांना जंगली फळांच्या लागवडीकडे वळवायचा प्रयत्न झाला. एका वर्षात जादू झाली नाही. पण चाळीस वर्षांत तिथल्या कामकऱ्या वयातल्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. त्यात नवी औषधं, नवे उपचार यांचाही वाटा आहे. पण मोठा वाटा ताट, मीठ, सिगारेट आणि बीपी यांचाच होता.

"सर, हे सगळं बोस्टन आणि फिनलंडचं झालं. आपलं काय?" बरोबर आहे.

आपल्याकडे डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत काम करत असताना स्वतःला आलेल्या हृदयविकारावर 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात ते असेल. मला ते हॉस्पिटलातून आल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिलं. डॉक्टर असलेला माणूस पेशंट होऊन, घाबरून, चुका कबूल करून सांगतोय, हेच त्यातलं मोठं औषध. माझ्या मते वॉर्डात खुर्ची ओढून बसण्याचाच तो एक प्रकार आहे, फक्त पुस्तकातून.

आकडेही आहेत, आणि ते टोचणारे आहेत. २०११ साली १७ देशांतल्या दीड लाखांहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास छापून आला. ज्यांना आधी हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांनी ठरलेल्या चार प्रकारच्या गोळ्यांपैकी कुठली घेतली का, ते पाहिलं. श्रीमंत देशांत एकही गोळी न घेणारे सुमारे ११ टक्के. भारत ज्या गटात होता, त्या गरीब देशांत ८० टक्के. दहातले आठ! या गोळ्या काही नव्या शोधाच्या नाहीत, जुन्याच आहेत. आण्णांच्या वेळचीच गोष्ट परत: ज्ञान जगात आहे, माजघरापर्यंत पोचत नाही.

मग पोचवायचं कसं? २०१६ मध्ये भारतातलाच एक अभ्यास छापला गेला. १४ हॉस्पिटलांतले ८०६ पेशंट घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्या निम्म्यांना नेहमीचे उपचार अधिक एक आरोग्य कार्यकर्ता. हा डॉक्टर नाही, नर्स नाही. शिकवून तयार केलेला साधा माणूस. त्याने हॉस्पिटलात आणि नंतर घरी जाऊन पेशंटशी बोलायचं, गोळ्या घेतल्या का विचारायचं, घरच्यांनाही समजावायचं. वर्षभरानंतर पाहिलं तर गोळ्या नीट घेणारे ९२ टक्क्यांवरून ९७ टक्के. आणि तंबाखू-सिगारेट? नेहमीच्या उपचारांत ५२ टक्क्यांनी सोडली होती. ज्यांच्या घरी माणूस जाऊन बसला, त्यांच्यात ८५ टक्क्यांनी. एका माणसाच्या चार गप्पांनी एवढा फरक.

२०२० मध्ये आणखी एक आला. २४ हॉस्पिटलं, जवळजवळ चार हजार पेशंट, सगळे झटक्यातून उठलेले. त्यांना तीन महिने योगावर आधारलेले वर्ग दिले. खरं ते सांगायला हवं: दुसरा झटका किंवा मृत्यू यांत ठाम म्हणावा असा फरक त्या अभ्यासात दिसला नाही. पण लोक आपल्या पहिल्या कामाला जास्त प्रमाणात लागले, तब्येत बरी वाटते असं सांगणारे वाढले. आमच्या आण्णांना हेच तर मिळालं नाही.

जगभरचे ८५ अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये हिशेब मांडला गेला. देखरेखीखाली व्यायाम आणि त्याला जोडून शिक्षण मिळालेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी. एखाद्या गोळीने एवढं केलं असतं तर तिची जाहिरात टीव्हीवर दिवसरात्र लागली असती.

आता आपल्या गावाकडे येतो. अँजिओप्लास्टीला आपली माणसं सांगलीला, कोल्हापूरला, पुण्याला जातात. योजनेमुळे शेतमजूरसुद्धा जाऊ शकतो, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो फाइल आणि गोळ्यांची पिशवी घेऊन एसटीने घरी येतो, आणि तिथून पुढे एकटा. जिना चढू का? शेतावर जाऊ का? बायकोजवळ जाऊ का? हे तर विचारायलाही लाज वाटते. दात काढायचाय, गोळी थांबवू का? कुणीतरी काढा सांगतो, कुणी सांगतो गोळ्यांनी किडनी जाते. बरं वाटायला लागतं. आणि एक दिवस गोळी सुटते. मग बाकावर शेजारी बसलेला सर "हं" म्हणतो.

दोन वर्षांपासून आम्ही काही जण रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर फिरायला जमतो. सहा जण होतो, आता एकोणीस आहोत. त्यात एक रिक्षावाले आहेत, एक किराणा दुकानदार, दोन निवृत्त शिक्षक, एक साखर कारखान्यातले फिटर. आजवर फिरणं आणि चहा, एवढंच होतं. गेल्या महिन्यानंतर आम्ही ठरवलं की बोलायचंही. पण बोस्टनचा नियम पाळून: डॉक्टरकी करायची नाही. एकाची गोळी दुसऱ्याला सांगायची नाही. 'गोळी बंद केली' असं कुणी म्हणालं, तर त्याला गाडीवर बसवून डॉक्टरांकडे न्यायचं. पैशामुळे बंद केली असेल, तर सरकारी दवाखान्यात कुठली मिळते, जनऔषधी दुकानात काय भावाने मिळते, हे शोधून द्यायचं. नवा पेशंट घरी आला की पहिल्या आठवड्यात दोघांनी जाऊन भेटायचं. बस, एवढंच.

आणि एक गोष्ट वहिनी-ताई-मावशींसाठी. आमच्या एकोणीस जणांत बाई एकच. याचा अर्थ बायकांना हृदयविकार होत नाही असा नाही. घरातल्या पुरुषासाठी अळणी वेगळं काढणारी बाई स्वतःच्या छातीतली जळजळ, पाठीत-जबड्यात येणारी कळ, दम लागणं, अंगाला सुटलेला घाम 'पित्त झालंय' म्हणून अंगावर काढते. अध्यक्षांचं अपचन लक्षात आहे ना? असं अचानक झालं आणि थांबलं नाही, तर ओवा-सोडा करत बसू नका, १०८ ला फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

आमची मागणी काय, तेही स्पष्ट लिहितो. नवं हॉस्पिटल नको, उद्घाटन नको, फ्लेक्स तर अजिबात नको. नगरपालिकेच्या वाचनालयाचा हॉल रविवारी सकाळी दीड तास मिळावा. ग्रामीण रुग्णालयातून महिन्यातून एकदा एक सिस्टर किंवा समुपदेशक यावा आणि बीपी-साखर तपासली जावी. आणि आशाताईंच्या हाती स्टेंट-बायपास होऊन आलेल्यांची यादी असावी, म्हणजे माणूस घरी आल्यावर कुणीतरी दार वाजवेल. पेशंटची परवानगी घेऊनच, हे सांगायला नको. अर्ज तयार आहे. त्यावर मला दोनशे सह्या हव्या आहेत. नॉर्थ करेलियाचं काम अशाच एका अर्जाने सुरू झालं होतं.

सही करायची असेल तर संध्याकाळी सहानंतर स्टँडसमोरच्या बाकावर या, मी तिथेच असतो. ज्यांच्या घरी नुकताच कुणी ऑपरेशन करून आलाय, त्यांनी नुसता निरोप द्या, आम्ही येऊ. आणि तुम्हाला स्वतःला स्टेंट असेल आणि 'आपण कोण सांगणारे' असं वाटत असेल, तर एवढंच म्हणतो: सांगायला आपणच आहोत. मी एकदा सांगितलं नाही. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून एवढं लिहिलं.

(पोस्ट पटली तर पुढे पाठवा. नाव ठेवलं नाही तरी चालेल, पण गोळ्यांचा भाग कापू नका.)